हनुवटीखालची जागा

नुझहानं बाहुलीच्या हनुवटीखाली दोन बोटं आडवी सरकवली आणि म्हणाली, "एवढी जागा. कायम. एवढी नसेल तर मूल छातीशी आहे म्हणजे सुखात आहे असं समजू नका." मग तिनं तीच बाहुली झोळीत थोडी सैल सोडली, खाली पोटापर्यंत जाऊ दिली. बाहुलीचं डोकं पुढं कलंडलं आणि हनुवटी छातीला टेकली. बाहुली कापडाची होती, पण मानेत वाळू भरलेली असावी, कारण ती अगदी खऱ्या मुलासारखी, हळूच, झोप लागल्यासारखी कलंडली. रहिमो मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर दहा आठवड्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याच्या मानेखाली हात घातला.

टँजियर शहरातल्या त्या मोहल्ला दवाखान्यात सुईण नुझहा दर बुधवारी सकाळी नव्या आयांचा वर्ग घेत असे. रहिमोला यायचं नव्हतं. तिची मुलगी हस्ना वायरींच्या कारखान्यात कामाला. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि दिवसभर अनसला सांभाळणार रहिमो, म्हणून हस्नानं तिला ओढून आणलं होतं. "पाठीला मूल बांधायला मला आता शाळेत घालतेस का?" असं ती जिन्यातच म्हणाली होती. हस्ना म्हणाली होती, "यम्मा, बसायचं फक्त. ऐकू नकोस हवं तर." आता हस्ना पुढं उभी होती. दुकानातून आणलेली बाळपिशवी अंगावर चढवून ती नुझहाला दाखवत होती. काळी, बकलांची, खोक्यावर खिदळणाऱ्या गोऱ्या बाळाचा फोटो. नुझहानं पट्टे ओढून पाहिले. "खोकं सुंदर आहे गं. बाळ खोक्यात ठेवणार असशील तर काहीच हरकत नाही." सगळ्या हसल्या. "ही मोठ्या मुलाची आहे. तुझा यात बुडेल. आणि हे बघ, कापड फक्त दोन पायांच्या मध्ये येतंय, पाय लोंबतील. बाळ बेडकासारखं बसलं पाहिजे, गुडघे ढुंगणापेक्षा वर. या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत कापडाचा आधार. आणि पट्टे खांद्यावर पसरव, दोरीसारखे नको, नाहीतर संध्याकाळी तुझीच मान धरेल."

कोपऱ्यातली, हज करून आलेली एक म्हातारी हाज्जा म्हणाली, "आम्ही पंचानं बांधून सात वाढवली, बाई. बेडूक नाही आणि मांजर नाही."

"पंचाला मी कुठं नाव ठेवलं, हाज्जा? पंचा उत्तम. पण घट्ट. उंच. मान खाली घातली की बाळाच्या कपाळाचा मुका घेता आला पाहिजे, इतकं उंच. तोंड दिसलं पाहिजे. वरून जेल्लाब्याचा पायघोळ झगा नाही, शाल नाही. थंडी असेल तर तुमच्या दोघांच्या वरून पांघरा, पण त्याच्या नाकावरून नाही. आणि पहिले चार महिने फार जपा. सर्दी झालेली असेल तर त्याहून जपा. त्यांची मान म्हणजे मान नसतेच, कोवळा देठ असतो. डोकं पुढं पडलं की आतली नळी दुमडते. बागेत पाण्याची नळी दुमडते ना, तशी."

रहिमोनं विचारलं. विचारायचं असं तिनं ठरवलं नव्हतं, आपला आवाज तिला समोरच्या भिंतीवरून आल्यासारखा वाटला. "मग ते रडतं का?"

"कोण, लल्ला?" नुझहानं मोठ्या बाईशी बोलतात तसं अदबीनं विचारलं.

"बाळ. तसं झालं तर रडतं का? हातपाय हलवतं का?"

नुझहाला प्रश्न आवडला असावा, कारण ती सगळ्यांकडे वळून बोलली. "लल्लांनी बरोबर विचारलं. नाही रडत. तेच तर आहे. रडायला वारा लागतो. वाराच नाही तर रडणार कसं? आईला वाटतं, किती शहाणं बाळ, गाढ झोपलं. म्हणून सांगते, शांत झालं की बघा. रडतंय तोवर भ्यायचं कारण नाही."

किती शहाणं बाळ. एकतीस वर्षांपूर्वी मार्तीलहून तेत्वानला येणाऱ्या बसमध्ये तिला जागा करून देणाऱ्या बाईनं हेच म्हटलं होतं. फेब्रुवारी होता, समुद्रावरून ओला वारा येत होता, बसच्या काचा आतून धुरकटलेल्या होत्या आणि कुणीतरी पायाशी माशांची टोपली ठेवली होती. रहिमो तेवीस वर्षांची. तिचा मुलगा इलियास सहा आठवड्यांचा. त्याला सर्दी झालेली, नाक सुंसुं वाजत होतं. माहेराहून निघताना तिनं त्याला लोकरी शालीत पुढं बांधलं. आधी वर बांधलं होतं, छातीशी, जसं आईनं शिकवलं होतं तसंच. पण छाती दुधानं दगडासारखी झाली होती, त्याच्या डोक्याचं ओझं लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून दारातच तिनं गाठ सैल केली आणि त्याला खाली घेतलं, पोटावर, झोळीत टाकल्यासारखं. किती बरं वाटलं होतं तेव्हा. पाठीला, छातीला, सगळ्याच अंगाला. मग वरून जेल्लाबा. बसमध्ये ती बसली तसा तो आणखी मुटकुळं झाला, त्याची ऊब तिच्या बेंबीपाशी गोळा झाली. ती बाई म्हणाली, "माशाल्लाह, किती शहाणं बाळ. आवाज नाही." आणि रहिमो अभिमानानं म्हणाली, "सकाळपासून पोटात गुबारा धरून रडत होता. माझ्या बहिणीनं काढा पाजला. लगेच गुण आला बघा."

लगेच गुण आला. हे वाक्य एकतीस वर्षं तिच्याजवळ होतं, पण त्याची उलटी बाजूच तिनं धरून ठेवली होती. बहिणीनं काढा पाजला आणि तो गप्प झाला. काढा पाजला म्हणून गप्प झाला. त्यात दुसरं काही शिरायला फटच नव्हती. आज कुणीतरी दोन बोटांनी ती फट पाडली. बस पंचवीस मिनिटांची. नंतर चढाची गल्ली, दहा मिनिटं. मध्ये पाववाल्याकडे ती थांबली होती, दोन गोल पाव घेतले होते. उगाच वेळ घालवून पाववाल्याच्या बायकोला मुलाचं नाव सांगितलं होतं, पण मूल दाखवलं नव्हतं, जेल्लाब्याच्या बाहेर थंडी होती म्हणून. पाव गरम होते. घरी आल्यावर तिनं आधी पाव फडक्यात गुंडाळले. आधी पाव. मग शाल सोडली.

"यम्मा, त्याला दे ना इकडे," हस्ना म्हणत होती. तिला अनसवर नवी रीत करून बघायची होती. रहिमोचे हात त्याच्याभोवती असे आवळले गेले होते की हस्नाला तिची बोटं सोडवावी लागली. "काय झालं? चक्कर येतेय?" रहिमो म्हणाली, "खोलीत फार बायका आहेत." तिनं पाहिलं, मुलगी कापड पसरते आहे, कपाळाचा मुका घेऊन बघते आहे, हसते आहे. ते सगळं इतकं सोपं होतं की रहिमोला नुझहाचा राग आला. ही पोरगी एकतीस वर्षांपूर्वी कुठं होती? जन्मलीसुद्धा नसेल. मग तिला वाटलं, तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर आपण ऐकलं असतं का? छाती दुखत होती. आपण खालीच बांधलं असतं.

घरी परत येताना हस्ना बडबडत होती. कोणती बाळपिशवी परत करायची, कोणतं कापड घ्यायचं, फार ताणलं जाणारं नको, ओलं झालं की सैल पडणारं नको. रहिमो हो हो म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर काढा पाजणाऱ्या बहिणीचा, सफियाचा चेहरा येण्याचा प्रयत्न करत होता, पण येत नव्हता. एकोणीस वर्षांच्या पोरीचा चेहरा येत होता. आता सफिया पन्नास वर्षांची असेल. इलियासला पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी, बायकांनी भरलेल्या खोलीत, सफिया सूपचं भांडं घेऊन आत आली तेव्हा रहिमो म्हणाली होती, "माझ्या मुलाला काय पाजलंस?" एवढंच. आरडाओरडा नाही, छाती पिटणं नाही. एवढं हळू म्हणाली म्हणूनच सगळ्यांनी ऐकलं. सफियाच्या हातातलं भांडं पडलं नाही. तिनं ते नीट खाली ठेवलं, म्हणाली, "झातर. आपण सगळ्यांना देतो तोच झातरच्या पाल्याचा काढा." आणि मग तिनं खोलीभर बघितलं. ती काय शोधत होती हे रहिमोला तेव्हा कळलं होतं. एखादी तरी बाई मान हलवेल, हो गं, सगळ्यांना देतातच, असं म्हणेल. कुणीच हललं नाही. त्या वर्षाअखेर मार्तीलमधल्या मासळी बाजारातल्या मुलाकडून निरोप आला, ठरलेलं लग्न राहू द्या. मग दुसरं ठरलंच नाही. शेजारणी पाळण्यावर फडकं टाकू लागल्या सफिया आली की. हे सगळं रहिमोच्या कानावर यायचं. तोवर तिचा नवरा अब्दसलाम तिला घेऊन टँजियरला आला होता, त्याला बंदरात काम लागलं होतं. कानावर आलं की तिला वाईट वाटायचं नाही. कुठंतरी बरोबर चाललं आहे असं वाटायचं. आई गेली तेव्हा दोघी एकाच खोलीत तीन दिवस होत्या, आणि रहिमोनं तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

अब्दसलाम म्हणायचा, लिहिलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी तोही गेला. त्याला आता सांगता आलं असतं का? त्यानं पुन्हा तेच म्हटलं असतं, आणि तिला थोडं बरं वाटलं असतं. आता म्हणणारं कुणी नव्हतं. लिहिलेलं होतं असं स्वतःच स्वतःला म्हणून चालत नाही, ते दुसऱ्यानं म्हणावं लागतं.

पुढच्या आठवड्यात तिनं अनसला रोज बांधलं. नुझहानं सांगितलं तसंच, तंतोतंत. कापड खांद्यांवर पसरून, गाठ पाठीवर नीट दोनदा, त्याचं कपाळ तिच्या ओठांच्या टप्प्यात. त्याचं पोट आपल्या अंगाला लागून, पाय बेडकासारखे. वाकायचं तर गुडघ्यातून, त्याच्या डोक्यावर हात ठेवून. चुलीपाशी जायचं नाही. शिकायला तिला एक दिवससुद्धा लागला नाही. हात शहाणे होते, हातांना सगळं पटकन कळत होतं. पण चार पावलं चालली की ती थांबायची. नाकाखाली बोट धरायची. वारा लागायचा. पुन्हा चार पावलं. मग तिला वाटायचं, मघाचा वारा आपल्याच श्वासाचा होता. ती गाठ सोडायची, त्याला बाहेर काढायची, तो झोपेतून दचकून किंचाळायचा आणि किंचाळला की तिला हलकं वाटायचं. त्याला रडतं ठेवावं असं तिला वाटायला लागलं. एकदा तो गाढ झोपलेला असताना तिनं त्याच्या तळपायाला चिमटा घेतला, आणि तो रडल्यावर खिडकीपाशी उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "बरं झालं. बरं झालं."

हस्नानं ते पाहिलं. "यम्मा, तू त्याला चिमटा काढलास?"

"गप्प झाला होता."

"झोपला होता! मुलं झोपली की गप्पच असतात. आठ दिवसांत एकदा सलग झोपू दिलं नाहीस तू त्याला. मी सोमवारी कामावर जाणार, तू त्याचं दिवसभर काय करणार आहेस? चिमटे?"

"माझी पाठ धरलीय," रहिमो म्हणाली. "माझ्याच्यानं होणार नाही. दुसरी बघ."

"पाठ? ईदला पिठाचं पोतं कुणी चढवलं तीन जिने? दारात सगळ्यांना सांगत होतीस, पंचवीस वर्षांच्या पोरीसारखी पाठ आहे माझी म्हणून."

"तेव्हा होती."

हस्ना तिच्याकडे बघत राहिली. रागापेक्षा त्यात एक हिशेब बसत नसल्याचं नवल होतं. तिला आपला एक भाऊ लहानपणी गेला हे ठाऊक होतं, आणि तेत्वानच्या मावशीनं त्याला काहीतरी पाजलं होतं हेही. घरातल्या मुलांना असतं तसं ठाऊक, कधी विचारायचं नाही एवढंच शिकलेली. आता सांगावं, असं रहिमोच्या ओठांपर्यंत आलं. पण सांगितलं की ही पोरगी ज्या नजरेनं बघेल ती नजर मरेपर्यंत घरात राहील, अनसला आपल्याकडे देताना तिचे हात क्षणभर थांबतील, आणि ते थांबणं आपण रोज बघू. ती म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या माईमूनाला विचार. तिचं घर पोरांनी भरलेलं असतं. तिला नुझहानं सांगितलेलं सगळं सांग, मात्र. उंच बांध म्हणावं. तोंड झाकू नको म्हणावं." हस्ना आत गेली.

शनिवारी रहिमो तेत्वानला गेली. सहा माणसं भरली की सुटणाऱ्या टॅक्सीत ती मागं, खिडकीशी अंग चोरून बसली. सफियाचा पत्ता तिला लोकांकडून माहीत होता. जुन्या गावात, शिंप्यांच्या गल्लीच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर एक खोली. सफिया जेल्लाब्यांना लागणाऱ्या रेशमी गुंड्या विणत असे, गावातले शिंपी तिच्याकडेच काम देतात असं ऐकलं होतं. वाटेत रहिमोनं वाक्यं जुळवली. आधी सलाम. मग बसायचं. मग म्हणायचं, मला एक गोष्ट कळली. पण दार उघडल्यावर सफियानं तिला पाहिलं आणि चौकटीला हात धरून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"हस्ना?"

"नाही गं. सगळी बरी आहेत. हस्नाला मुलगा झालाय."

"ऐकलं," सफिया म्हणाली. ती बाजूला झाली. खोली लहान आणि अतिशय स्वच्छ होती. खिडकीखाली बैठक, बैठकीवर रेशमाच्या लडी, निळ्या, विटकरी, आणि एका ताटलीत तयार गुंड्या, वाटाण्याएवढ्या, शेकड्यानं. सफिया जाड झाली होती, तिचा चेहरा त्यांच्या आईसारखा झाला होता. ती बसली आणि हातात सुई घेतली. पाहुणी आली म्हणून काम ठेवलं नाही, एवढ्यावरूनच रहिमोला कळलं की आपण पाहुणी नाही आणि घरचीही नाही.

रहिमोनं सांगितलं. जुळवलेलं सगळं विसरली. दवाखाना, बाहुली, मान, नळी. स्वतःच्या हनुवटीखाली दोन बोटं धरून दाखवलं. मग ती छाती कशी दुखत होती ते, दारात गाठ सैल केली ते, जेल्लाबा, बस, ती बाई. पाव. पावांबद्दल तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सफियाची सुई चालत होती. एक गुंडी पूर्ण झाली, तिनं दातांनी धागा तोडला, ताटलीत टाकली आणि दुसरी सुरू केली.

"तू काही केलं नव्हतंस," रहिमो म्हणाली. "तुझ्या काढ्यानं नाही. माझ्यानं झालं. मी हे सांगायला आले."

"ती डॉक्टरीण आहे का?"

"सुईण आहे. शिकलेली."

"तिनं पाहिलं होतं का त्याला?"

"तिचा जन्मही नव्हता तेव्हा."

"मग तिला काय ठाऊक?" सफिया म्हणाली. "मी दोन चमचे दिले होते."

"काय?"

"झातर. तुझ्या समोर एक दिला. तू कपडे घालायला आत गेलीस तेव्हा आणखी एक दिला. रडतच होता. मी म्हटलं, पुढं बसमध्ये रडेल, तुला लाज वाटेल. आणि तो सकाळपासून उकळत राहिलेला होता, काळा झाला होता. मी पाणी घालायला पाहिजे होतं. नाही घातलं." हे सगळं ती रोजचं काही सांगावं तसं सांगत होती. "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यालाच सांगते फक्त. दर शुक्रवारी."

"कुणाला?"

"इलियासला."

रहिमोला आधी समजलंच नाही. पुरताना बायका जात नाहीत. अब्दसलाम आणि तिचे वडील त्याला घेऊन गेले होते, डोंगरउतारावरच्या कबरस्तानात, आणि नंतर सगळ्यांनी तिला सांगितलं, अंगावर दूध आहे तोवर जाऊ नकोस. मग दूध आटलं, मग टँजियर आलं. मग जाणं राहून गेलं ते राहूनच गेलं. लहान मुलांच्या कबरींना नाव नसतं, दगडांची एक ओंजळभर चौकट असते. अब्दसलामला जागा ठाऊक होती. आणि सफियानं, तेव्हाच, त्याच वर्षी, अब्दसलामला गाठून ती विचारून घेतली होती. तिथं जाता यावं म्हणून ती मार्तीलचं घर सोडून तेत्वानला राहायला आली होती.

"मी जाते," सफिया म्हणाली. "रैहानची वासाची डहाळी नेते, पाणी घालते, आणि माफी मागते. दोन चमच्यांची. पावसात जाते, ताप असला तरी जाते. एकतीस वर्षं. आणि आता तू टॅक्सीत बसून येतेस आणि म्हणतेस, मागायचीच नव्हती."

"हो. नव्हती, सफिया. नव्हती गं."

"मग मी कुणाकडे जात होते?"

खालच्या गल्लीत कुणीतरी कोथिंबीर विकत ओरडत होतं. सफियानं पहिल्यांदा सुई खाली ठेवली. तिची बोटं सुईशिवाय काय करावं हे न कळून मांडीवर उघडी पडली होती. "तू मला त्या बायकांत उभं केलंस, मी काही बोलले नाही. लग्न मोडलं, बोलले नाही. मला वाटलं, माझ्या हातून झालंच आहे तर त्यात वाद कसला घालायचा? घर नाही, मूल नाही, पण हे होतं. हे माझं होतं. आता हेही तुलाच हवंय?"

"मला नकोय. तुझ्यावरचं ओझं उतरावं म्हणून—"

"कुठं उतरवशील? पन्नाशीत?" सफिया हसली, अगदी थोडं. "तुझी सुईण चुकतेय. माझ्या काढ्यानंच गेला तो. मला माहीत आहे. मीच पाजला ना."

तरीही तिनं चहा केला. आल्या माणसाला कोरडं परत पाठवायची रीत त्यांच्या आईनं शिकवली नव्हती. रहिमोनं पेला दोन्ही हातांत धरला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती बहिणीच्या हातचं काही पीत होती आणि तिला वाटत होतं की हे सफियाच्या लक्षात यावं. सफियाचं लक्ष खिडकीकडे होतं. पेला रिकामा झाला तसा तिनं उचलला, म्हणाली, "जा आता. उशीर केलास तर गाडी भरायला वेळ लागतो."

"मला ती जागा दाखव," रहिमो म्हणाली. "एकदाच. मी एकटीही जाईन, फक्त कुठं आहे ते सांग."

"नाही."

"सफिया, मी त्याची आई आहे."

"हो," सफिया म्हणाली. "पण मी दाखवणार नाही." आणि दार लावण्याआधी तिनं खाली वाकून रहिमोच्या चपला तिच्याकडे वळवून ठेवल्या, घरातल्या मोठ्या माणसासाठी ठेवतात तशा.

सोमवारी हस्ना कामावर गेली. अनस खाली माईमूनाकडे गेला. माईमूना त्याला उंच बांधायची, तोंड उघडं ठेवायची, कामं करता करता गाणं म्हणायची, आणि तो तिच्या अंगावर तासन्‌तास झोपायचा. रहिमो जिन्याच्या कठड्याला टेकून वरून ऐकायची. गाणं थांबलं की ती दोन पायऱ्या उतरायची. मग पुन्हा गाणं सुरू व्हायचं. संध्याकाळी हस्ना त्याला घेऊन वर यायची, आईशी थोडक्यात बोलायची, त्याला आपल्याच खोलीत निजवायची. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. रहिमोला रात्री झोप लागायची, जेवणही जायचं. तिला स्वतःचं नवल वाटायचं. एवढं मोठं कळूनही पोटाला भूक लागते, टाचांना भेगा पडतात, केसांना मेंदी लावायची आठवण होते. सफियानं तो दुसरा चमचा सांगितला नसता तर निदान एक काहीतरी पक्कं झालं असतं. आता तेही नव्हतं. कधी तिला वाटायचं गाठ, कधी वाटायचं काढा, कधी सर्दीच. वाटण्यात दिवस जायचा. ज्याला विचारायचं तो सहा आठवड्यांचा होता.

चौथ्या आठवड्यात, शुक्रवारी, ती पुन्हा तेत्वानला गेली. सफियाकडे नाही. दुपारच्या नमाजाच्या आधी, कबरस्तानात बायकांची गर्दी असते त्या वेळी. तिनं मनाशी ठरवलं होतं, लांब उभं राहायचं आणि सफिया कुठं जाते ते बघायचं, चोरासारखं. ती फाटकाशी उभी राहिली. बायका आल्या, हिरव्या डहाळ्या, पाण्याच्या बाटल्या, सुकी अंजिरं आणि पाव वाटायला. सफिया आली नाही. मग ती आत शिरली. उतार मोठा होता, पांढऱ्या कबरी खालीपर्यंत दाटीवाटीनं, आणि त्यांच्या मधून, कोपऱ्याकोपऱ्यात, लहान चौकटी. काही नुसते चार दगड. काहींवर गवत. ती एकेकीशी थांबत गेली. हा असेल. हा नसेल. एका ठिकाणी तिला वाटलं की काहीतरी जाणवतंय, ती खाली बसली, हात ठेवला, आणि मग बाजूच्या चौकटीकडे पाहून वाटलं, की हा? हात उचलला. कुणाच्या तरी मुलावर तिनं हात ठेवला होता.

दगडांना चुना लावणारा एक म्हातारा बादली घेऊन वर येत होता. तो तिला बराच वेळ बघत असावा. "कुणाला शोधताय, लल्ला?"

"लहान मूल आहे. जुनं. एकतीस वर्षं झाली. इलियास. अब्दसलामचा. बंदरात काम करायचे ते."

"इलियास?" म्हातारा लगेच म्हणाला. "मग असं सांगा ना. खालच्या अंजिराकडे आहे. त्याची आई येते की दर शुक्रवारी. गुंड्या करते ती. एक शुक्रवार चुकवला नसेल तिनं, मी इथं आल्यापासून तरी नाही. बोलत बसते त्याच्याशी." त्यानं बादली खाली ठेवली. "पण गेले तीन शुक्रवार आली नाही. आज चौथा. मी घरच्यांना म्हटलंसुद्धा, इलियासची आई आजारी बिजारी असेल. तुम्ही ओळखता का तिला? बरी आहे ना?"

रहिमो उभी राहिली. गुडघ्यांना माती लागली होती, ती तिनं झटकली नाही.

"बरी आहे," ती म्हणाली.

"मग येईल. या, दाखवतो. सांभाळून हं, उतार आहे." दोन पावलं पुढं जाऊन तो वळला. "तुम्ही कोण त्याच्या?"

वाऱ्यानं तिच्या जेल्लाब्याची टोपी मागं उडवली. खाली अंजिराचं झाड दिसत होतं, अजून पानं न फुटलेलं.

"मावशी," ती म्हणाली. "मी त्याची मावशी."